स्पर्म काउंट ११ मिलियन, आठवड्याला ८५ किलोमीटर: पळणं सोडू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ३४, ठाणे, आयटीत नोकरी, चार वर्षं पळताय. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची फुल करायची म्हणून गेले सात महिने आठवड्याला ८०-८५ किलोमीटर चाललंय, दीड वर्षात वजन ७१ वरून ६० वर आलंय. बायको ३२ वर्षांची, चौदा महिने चान्स घेताय पण दिवस राहत नाहीत. ऑक्टोबरात वीर्य तपासलं, काउंट म्हणजे शुक्राणूंची संख्या एमएलमागे ११ मिलियन, मोटिलिटी म्हणजे हलणारे शुक्राणू ३४ टक्के, व्हॉल्यूम १.६ एमएल. टेस्टोस्टेरॉन २६८, आणि मेंदूकडून अंडकोषांना निरोप नेणारी दोन हॉर्मोन्स, एलएच २.१, एफएसएच ३. आई म्हणते पळून पळून वाळलायस, बंद कर आधी. ग्रुपमधला एक जण म्हणतो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, महिन्याभरात फ्रेश वाटेल. आणि तुम्ही मला विचारताय की पळणं सोडू का.

मी दादरला प्रॅक्टिस करतो, पुरुषांच्या वंध्यत्वाच्या केसेस वीस-बावीस वर्षं बघतोय, आणि स्वतःही २१ किलोमीटरवाला आहे, पेडर रोडच्या चढाला दर वर्षी शिव्या घालत घालत चढतो. त्यामुळे पळणाऱ्यांची बाजू मला जरा जास्तच कळते, तेवढं धरून चाला.

सगळ्यात आधी इंजेक्शनचं, कारण बाकी सगळं दोन महिने उशिरा झालं तरी चालेल पण ही चूक व्हायला नको. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की शुक्राणू वाढत नाहीत, बंद पडतात. बऱ्याच जणांना हे उलटंच वाटतं, आणि दुर्दैवाने इंजेक्शन टोचणाऱ्या काही लोकांनाही. होतं काय की रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं बघून मेंदूला वाटतं आता माल भरपूर आहे, मग तो एलएच आणि एफएसएच सोडणंच थांबवतो, आणि हे दोन निरोप आले नाहीत की अंडकोष काम बंद करतात. शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन लागतं, ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतं, दंडात टोचून तिथे तेवढं पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितलं होतं, दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम, निकाल १९९० साली छापून आला, निम्म्याहून जास्त पुरुषांचा काउंट सहा महिन्यांत शून्यावर. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तुमच्या मित्राला खरंच फ्रेश वाटत असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्याला आधीच दोन मुलं असतील.

आता तुमचे रिपोर्ट. तुम्ही लिहिताना दोन गोष्टी सहज लिहून गेलात आणि त्यातच अर्धी केस आहे.

पहिली, ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, पाच दिवस १०३ ताप. एक शुक्राणू सुरुवातीपासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, मग बाहेरच्या नळीत पिकायला आणि पुढे सरकायला अजून दहा-बारा दिवस, म्हणजे ढोबळमानाने तीन महिने. ऑक्टोबरातला नमुना हा ऑगस्टात घडलेला माल आहे. अंडकोष शरीराच्या बाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड लागतं, आणि पाच दिवस १०३ म्हणजे भट्टीच. पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मुंबईत असे रिपोर्ट घेऊन इतके लोक येतात की मी पहिला प्रश्न पानाकडे न बघता विचारतो, ताप आला होता का हो मागे? डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, कोविड, कुठलाही चालतो.

दुसरी गोष्ट, रक्त रविवारी सकाळी साडेअकराला दिलंत, घरी येऊन घेऊन गेले, आणि त्याच दिवशी पहाटे येऊरला २८ किलोमीटर मारले होते. अहो मग टेस्टोस्टेरॉन कमी येणारच! लांब पळून झालं की ते काही तास, कधी एक-दोन दिवस खाली असतं, हे नॉर्मल आहे, ट्रेनिंग केलेल्या कुणाचंही होतं. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी सात ते दहामध्ये, उपाशीपोटी, रात्री नीट झोप झालेली असताना आणि आधीचे दोन दिवस जोरात व्यायाम न करता द्यायचं असतं, आणि कमी आलं तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासायचं, एका आकड्यावर निदान करायचं नाही. ३०० नॅनोग्रॅमची जी रेषा सगळे धरतात ती अशा दोन नमुन्यांवर आहे. प्रोलॅक्टिनही (पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचं हॉर्मोन) करणार असाल तर तेही पळून आल्यावर वाढलेलं दिसतं आणि मग कुणीतरी मेंदूचा एमआरआय करायला सांगतं, असंही झालेलं बघितलंय.

म्हणजे रिपोर्ट कचऱ्यात टाकायचे का, तर नाही. काउंटची २०२१ ची खालची रेषा १६ मिलियन प्रति एमएल आहे, मोटिलिटीची ४२ टक्के, व्हॉल्यूमची १.४. तुमचं व्हॉल्यूम ठीक, बाकी दोन खाली. मी काउंटपेक्षा एकूण संख्या बघतो, ११ गुणिले १.६ म्हणजे साडेसतरा मिलियन, रेषा ३९ ची. कमी आहे पण शून्य नाही, आणि रेषेखालच्या माणसांनाही मुलं होतात, ती रेषा म्हणजे पास-नापास नाही. आणि चांगली बातमी, एफएसएच ३ आहे. कारखानाच बिघडलेला असता तर मेंदूने ओरडून ओरडून एफएसएच पंधरा-वीसवर नेलं असतं. तुमच्याकडे टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच नुसतं २.१, म्हणजे वरूनच हाक हळू येतेय. रविवारचा पळण्याचा परिणाम वजा केला तरी मला हा पॅटर्न ओळखीचा वाटतो, आणि इथे तुमच्या पळण्याचा विषय येतो.

म्हणजे पळण्याचा कमी आणि जेवणाचा जास्त.

तुम्ही दिवसाचं खाणं लिहिलंय ते मी पेन घेऊन मांडलं. साडेचारला काळी कॉफी, उपाशीपोटी पळणं, दहाला ऑफिसात दोन अंडी दोन टोस्ट, दीडला डब्यात तीन पोळ्या भाजी डाळ, संध्याकाळी चणे आणि प्रोटीन शेक, दोन चहा, रात्री ‘कार्ब बंद’ म्हणून सूप, सॅलड, थोडं पनीर. फार तर १७०० कॅलरी होतात. पळण्याचा खर्च साधा हिशोब, एका किलोमीटरला वजनाच्या एका किलोमागे साधारण एक कॅलरी, तुम्ही रोज सरासरी १२ किलोमीटर, वजन ६०, म्हणजे ७२०. राहिल्या ९८०. या ९८० मध्ये हृदय, मेंदू, यकृत, हाडं, ऑफिस, लोकलचा जिना, सगळं. चरबी सोडून तुमचं शरीर धरू ५३ किलो, म्हणजे किलोमागे साडेअठरा कॅलरी. ३० च्या खाली गेलं की हॉर्मोन गडबडतात असा आकडा वापरला जातो, तो मुळात बायकांवरच्या प्रयोगांतून आलाय, पुरुष थोडे जास्त ताणतात, तरी साडेअठरा म्हणजे धोक्याची घंटा कधीच वाजून गेली.

महिनाअखेरीला पैसे कमी पडले की घरात काय होतं? दूध-भाजी, लाइट बिल, मुलांची फी चालूच राहते, आधी कापलं जातं ते हॉटेल आणि नवे कपडे. शरीराचंही तसंच, आणि शरीराच्या लेखी मूल होणं ही त्या महिन्याची चैन आहे. चरबीतून लेप्टिन नावाचं हॉर्मोन येतं, खाणं कमी पडलं की ते घसरतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन वर जातं, आणि मेंदूतलं हायपोथॅलॅमस जे दर दीड-दोन तासांनी एक ठोका देऊन पिट्युटरीला जागं करत असतं त्याचे ठोके मंदावतात. एलएच कमी, मग टेस्टोस्टेरॉन कमी, मग माल कमी. बायकांमध्ये हेच झालं की पाळी थांबते, त्यामुळे निदान लक्षात तरी येतं. आपल्यात थांबायला काही नाही, म्हणून दोन-दोन वर्षं पत्ता लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असं नाव दिलं ते मुद्दाम पुरुषही त्यात यावेत म्हणून, त्याआधी हा फक्त बायकांचा आजार समजला जायचा.

पण आपल्यात खुणा असतात, कुणी विचारत नाही एवढंच. सकाळची ताठरता किती दिवसांत नाही? इच्छा किती आहे? चिडचिड, पहाटे तीनला जाग, सारखी सर्दी, पेस म्हणजे पळण्याचा वेग न सुधारणं, नडगीचं दुखणं जाता जात नाही, कुठे स्ट्रेस फ्रॅक्चर. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले अँथनी हॅकनी हे गृहस्थ कित्येक वर्षं फक्त याच विषयावर काम करतायत. लांब पल्ल्याचं ट्रेनिंग वर्षानुवर्षं करणाऱ्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बैठ्या माणसाच्या ६० ते ८५ टक्केच असतं असं त्यांनी दाखवलं, आणि २०१७ मध्ये हजाराहून जास्त पुरुषांना प्रश्नावली दिली तर ज्यांचं ट्रेनिंग सगळ्यात लांब आणि सगळ्यात कडक त्यांची कामेच्छा सगळ्यात कमी. शनिवारी रात्री ‘उद्या लाँग रन आहे’ हे कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना पाठ असतं. यात मी हसतो पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, ओव्ह्युलेशनचा म्हणजे बायकोचं बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच एवढेच दिवस महिन्यात उपयोगाचे, ते रविवार धरून आले की गेला महिना.

आता किती पळणं जास्त? १९९४ चा एक जुना अभ्यास आहे, त्यात आठवड्याला १०० किलोमीटरच्या वर पळणारे, ५०-५५ पळणारे आणि न पळणारे यांची तुलना केली होती. शंभरवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन, काउंट, मोटिलिटी सगळं खाली, आणि पन्नासवाले न पळणाऱ्यांसारखेच. माणसं थोडी होती, पण इतक्या वर्षांत मी ओपीडीत बघतो ते याच्याशी जुळतं. आणि दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत १८ ते २२ वयाच्या १८९ मुलांवरच्या अभ्यासात आठवड्याला पंधरा तासांच्या वर बऱ्यापैकी व्यायाम करणाऱ्यांचा काउंट सगळ्यात कमी हलणाऱ्यांपेक्षा ७३ टक्के जास्त होता, आणि वीस तासांच्या वर टीव्ही बघणाऱ्यांचा ४४ टक्के कमी. त्यामुळे आईंचं अर्धं बरोबर आहे, वाळलायत हे खरं, पण पळणं बंद करून सोफ्यावर बसलात तर त्याचा उपयोग नाही.

सायकलिंगचं विचारलंत. बॉस्टनला २,२६१ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात आठवड्याला पाच तासांच्या वर सायकल चालवणाऱ्यांत काउंट कमी असण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. तुमच्या पामबीच रोडवरच्या दीड तासांची काळजी नको. टाइट्सबद्दल मात्र एक. पळताना घालायच्या त्या घाला, पण पळून झाल्यावर त्याच ओल्या चिकट टाइट्समध्ये ग्रुपबरोबर दोन तास इडली-कॉफी करत बसू नका, मुंबईच्या दमट हवेत त्या वाळतही नाहीत. गाडीत एक सैल हाफपँट ठेवा.

आणि ती ‘लाँग रनच्या आधी एक पेनकिलर’. बऱ्याच धावपटूंची ही सवय आहे आणि मला ती मनापासून खटकते. २०१८ मध्ये एक प्रयोग आला होता, ३१ तरुण, निम्म्यांना आयब्युप्रोफेन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, त्यात एलएच वर गेलं आणि टेस्टोस्टेरॉन तेवढंच राहिलं, म्हणजे अंडकोषांना तेवढ्याच मालासाठी जास्त रेटावं लागत होतं. तुमचा डोस तेवढा नाही, पण पाणी कमी झालेल्या शरीरात ही गोळी किडनीलाही वाईट, सो बंद करा.

एक केस सांगतो, ओळख लागणार नाही इतपत बदलून. डोंबिवलीचे, अडतीस वर्षांचे, पहाटे साडेतीनला उठायचे कारण सहाच्या आसपासची लोकल गाठायची तर पळणं त्याआधी उरकायला हवं. रात्री साडेअकराला झोप. सोळा तासांचा उपास कुठेतरी ऐकून धरलेला. नवरा-बायको समोर बसलेले, त्यांनी मेडल्सचे फोटो दाखवले आणि बायको काही न बोलता खिडकीतून खाली बघत होती. मी त्यांच्याच रिपोर्टच्या पाठीवर त्यांचा दिवस तासातासाने लिहून काढला, झोप चार तास. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, सर, मला वाटलं होतं मी डिसिप्लिन्ड आहे. पळणं निम्मं केलं, उपास सोडला, रात्री वरण-भात सुरू केला, आठवड्यातून तीनच दिवस पहाटे उठायचं ठरलं. दीड महिन्यात इच्छा परत आली, हे बायकोनेच सांगितलं. काउंट ९ वरून पाच महिन्यांनी २४ झाला.

सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगतो. त्याच वर्षी एक कांदिवलीचे, तेही धावपटू, पाच महिने सगळं इमानदारीने केलं, काउंट जागचा हलला नाही, कारण त्यांना व्हॅरिकोसील होतं आणि आधीच्या कुणीच पँट उतरवून तपासलं नव्हतं. अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात, बहुतेक वेळा डावीकडे, उभं करून तपासलं की पिशवीत गांडुळं भरल्यासारखं हाताला लागतं. दर शंभर पुरुषांत पंधराएक जणांना असतं, वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत पस्तीस-चाळीस. तुम्ही तीन डॉक्टरांना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलेत असं लिहिलंय, पण तपासणी एकदाही झालेली दिसत नाही. ती करा. माझ्याकडेच या असं नाही, जवळच्या कुठल्याही यूरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे, दहा मिनिटांचं काम आहे.

तर मी तुमच्या जागी काय करेन. फुलची बिब (स्पर्धेचा नंबर) या वर्षी सोडेन, पैसे जातील, जाऊ देत. ८५ वरून ४५-५० वर येईन, त्यातला एकच दिवस कडक. उपाशीपोटी पळणं बंद, निघण्याआधी केळं किंवा दोन खजूर-शेंगदाण्याची चिक्की, आल्यावर अर्ध्या तासात पोहे-दूध काहीतरी, ऑफिसात पोचेपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचा भात परत. दिवसाच्या पाच-सहाशे कॅलरी वाढल्या पाहिजेत, तेल-तूप-दाणे मोजत बसू नका. वजन दोन-तीन किलो वाढेल, ते औषध आहे असं समजा, आणि पेस फार पडणार नाही, उलट बऱ्याच जणांची सुधारते. झोप सात तास, हे ठाण्याहून बीकेसीला जाणाऱ्या माणसाला सांगणं सोपं आहे ते मला कळतं, पण मग पहाटेचे दोन दिवस कमी करा.

एलएच-एफएसएच वाढवणाऱ्या गोळ्यांचं, क्लोमिफेनबिफेन, आत्ता नको. कारण आधी दुरुस्त होण्यासारखं भरपूर आहे. शिवाय तुम्ही स्पर्धेत उतरता, क्लोमिफेन खेळाडूंसाठी बंदी असलेल्या यादीत आहे, कुणी लिहून दिलं तर हे त्यांना सांगा. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या पुड्यांपेक्षा तेवढ्या पैशात सुकामेवा आणा. व्हिटॅमिन डी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र एकदा तपासा.

बायकोच्या तपासण्या माझ्या या सगळ्या पुराणासाठी थांबवू नका. वर्ष उलटून गेलंय, आता दोघांचं एकाच वेळी बघायचं असतं. तिचं ओव्ह्युलेशन, नळ्या, थायरॉइड हे या तीन महिन्यांत होऊन जाईल.

नमुना पुन्हा आजपासून तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. आधी वीर्य बाहेर न पडता दोन ते सात दिवसांचं अंतर, मी तीन-चार सांगतो, मागच्या वेळी तुम्ही दहा ठेवलं होतं, त्याने मोटिलिटी पडते. शक्यतो तिथेच द्या, घरून नेणार असाल तर तासाभरात पोचलं पाहिजे आणि डबी शर्टच्या आत अंगाला लावून न्यायची, गाडीच्या एसीसमोर नाही, आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक बघून वेळ ठरवा. पहिला थेंब सांडला तर लाजू नका, तिथल्या माणसाला सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. येताना जुने रिपोर्ट आणि घड्याळातला गेल्या तीन महिन्यांचा रनिंगचा रेकॉर्ड दोन्ही घेऊन या, आणि खाण्याची नोंद बायकोला करायला सांगा, तुम्ही कमी लिहाल.